पालखीतली मोड आणि क्ष, य: नाण्यांची उदाहरणं कशी सोडवावीत

शिमग्यात पालखी घरोघर फिरून सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या ओट्यावर, परतली की ताटातली मोड मोजायला माणसं बसतात. दहावीचा बीजगणिताचा पेपरही साधारण याच दिवसांत. 'पाच व दहा रुपयांची मिळून इतकी नाणी आहेत' हे उदाहरण दिसलं की पान उलटणारं पोर ढोल वाजवायला मात्र सगळ्यांच्या पुढे. त्यालाच मोजणीला धरून बसवायचं.

समजा, पिशवीत फक्त पाचची आणि दहाची नाणी आहेत. एकूण नाणी ८६, रक्कम ६१० रुपये. कोणती किती?

आधी कागदावर मराठीत लिहा: क्ष म्हणजे पाचच्या नाण्यांची संख्या, य म्हणजे दहाच्या नाण्यांची संख्या. 'संख्या' हा शब्द गाळू नका. निम्म्या चुका तिथेच होतात. 'क्ष म्हणजे पाचची नाणी' एवढंच लिहिलं, की पुढे क्ष म्हणजे नग की रुपये, हे आपलं आपल्यालाच कळेनासं होतं.

आता उदाहरणातून दोन वेगळी वाक्यं काढायची. एक नगांचं, एक रुपयांचं.

क्ष + य = ८६
५क्ष + १०य = ६१०

पहिल्या समीकरणात रुपये नाहीत, म्हणून ५ आणि १० तिथे येत नाहीत. दुसऱ्यात प्रत्येक पद रुपयांत आहे. क्ष + य = ६१० लिहिणारा नग आणि रुपये एकाच टोपलीत टाकतो.

दुसरं समीकरण ५ ने भागा: क्ष + २य = १२२. यातून पहिलं वजा केलं की क्षचा लोप होतो आणि य = ३६ उरतो. मग क्ष = ५०. पडताळा रुपयांत घ्या: २५० + ३६० = ६१०. नुसतं ५० + ३६ = ८६ पाहून थांबू नका, कारण चुकलेली जोडीही नगांत जुळू शकते.

समीकरण न मांडताही हे जमतं. सगळी ८६ नाणी पाचचीच धरली तर ४३० रुपये होतात, १८० कमी पडतात. एका पाचच्या जागी दहा ठेवलं की ५ रुपये वाढतात, म्हणून १८० भागिले ५, ३६ नाणी दहाची. वर आपण केलं ते हेच, फक्त अक्षरांत. परीक्षेत समीकरणं लिहा, पडताळ्याला ही रीत ठेवा.

काही उदाहरणांत एकूण नगच देत नाहीत. 'दोनची नाणी पाचच्या नाण्यांच्या दुपटीपेक्षा ७ ने जास्त, रक्कम १८५ रुपये.' इथे क्ष म्हणजे दोनच्या नाण्यांची संख्या, य म्हणजे पाचच्या. घाईत २क्ष = य + ७ लिहिलं जातं. जास्त कोण आहे ते आधी विचारा. दोनची नाणी (क्ष) जास्त आहेत, म्हणून क्ष = २य + ७. हे २क्ष + ५य = १८५ मध्ये ठेवा: ४य + १४ + ५य = १८५, ९य = १७१, य = १९, क्ष = ४५. रुपये ९० + ९५, बरोबर १८५.

नाणी तीन प्रकारची असतील तर तिसरी माहिती लागते. 'दोनची आणि दहाची सारखीच' असं दिलं असेल तर दोघांना एकच अक्षर द्या, पुन्हा दोनच चल उरतात.

उत्तर अपूर्णांकात आलं तर तिथेच थांबा. पाचची आणि वीसची मिळून ४० नाणी, रक्कम ४०० रुपये, असं कोणी सांगितलं तर क्ष + ४य = ८०, त्यातून क्ष + य = ४० वजा करून ३य = ४०. नाण्याचा तुकडा होत नाही, म्हणजे मोजताना किंवा लिहून घेताना कोणीतरी चुकलंय.

आता एक गंमत, पाठ्यपुस्तकाबाहेरची. दुकानदाराने ६१० च्या नोटा देऊन पिशवी नेली, नग मोजायचे राहिले. त्याच्या काट्यावर नाणी भरली ५७८ ग्रॅम. २०११ मध्ये आलेलं पाचचं नाणं ६ ग्रॅमचं, दहाचं ७.७१ ग्रॅमचं. मग दुसरं समीकरण वजनाचं:

६क्ष + ७.७१य = ५७८

क्ष = १२२ − २य ठेवलं की ७३२ − ४.२९य = ५७८, य = ३५.९. काट्याने वजन जवळच्या पूर्ण ग्रॅमात दाखवलंय, तेव्हा ३६ धरा. पण जुनं, जाड पांढरं पाचचं नाणं ९ ग्रॅमचं असतं. तसं एक जरी आत असलं तर काटा ५८१ दाखवतो आणि य ३५.२ येतो. मग पिशवी घोंगडीवर ओतून एकेक नाणं मोजणं आलंच.