रिकाम्या गॅसक्षेत्रात कार्बन डायऑक्साइड: सॉफ्टवेअरच्या आधी काय शिकाल?

मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला शिकलो. रिकाम्या गॅसक्षेत्रात कार्बन डायऑक्साइड साठवण्याच्या या विषयात येऊ पाहणारी मुलं हमखास विचारतात, "दादा, कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" माझं उत्तर ठरलेलं: ते नंतर, आधी के१२-बी वाचून काढ.

नॉर्थ सीमधलं हे डच गॅसक्षेत्र. तिथल्या नैसर्गिक वायूतच सुमारे १३ टक्के कार्बन डायऑक्साइड. तो वेगळा काढून हवेत सोडला जायचा. २००४ पासून तोच परत जवळपास ३८०० मीटर खाली, ज्या वालुकाश्मातून आला त्यातच सोडू लागले. वर मिठाचे जाड थर, त्यामुळे झाकण आयतंच.

आत सोडलेला वायू उरलेला मिथेन विहिरीकडे रेटेल, म्हणजे साठवण होईल आणि उत्पादनही वाढेल, अशी आशा होती. २००५ मध्ये त्यात ट्रेसर, म्हणजे वायू कुठे जातो याचा माग देणारी खुणेची रसायनं, मिसळली. जवळच्या उत्पादन विहिरीत ती सुमारे १३० दिवसांत उगवलीसुद्धा! पण उत्पादन वाढल्याचं काही ठामपणे दाखवता आलं नाही. नोकरीच्या मुलाखतीत 'दुहेरी फायदा' म्हणण्याआधी हे आठवा.

खरी गंमत दाबात आहे. के१२-बीचा मूळ दाब ४०० बारच्या आसपास. वायू काढून काढून तो ४० वर आला. जागा भरपूर झाली, पण पाइपलाइनमधून दाट अवस्थेत आलेला कार्बन डायऑक्साइड अशा कमी दाबात एकदम सोडला की तो प्रसरण पावतो आणि कडाक्याचा थंड होतो. जूल-थॉमसन परिणाम आपण परीक्षेपुरता पाठ केलेला असतो, इथे तोच विहिरीच्या मुळावर येतो. खाली पाणी असेल तर हायड्रेट (पाणी आणि वायूचे बर्फासारखे खडे) धरून वाट तुंबते, सिमेंटलाही तडे जाऊ शकतात. रॉटरडॅमजवळच्या पोर्थोस या कार्बन डायऑक्साइड साठवणीच्या प्रकल्पातही रिकामी गॅसक्षेत्रंच वापरायची असल्यामुळे हा हिशेब टाळता येत नाही.

म्हणून एक कागद घ्या. ३१ अंश आणि ७४ बार हा कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू (ज्याच्या पलीकडे द्रव आणि वायू हा भेद उरत नाही) मांडा, उकळरेषा, म्हणजे द्रवाचा वायू होतो ती रेषा, काढा आणि विहिरीच्या तोंडापासून तळापर्यंतचा दाब-तापमानाचा मार्ग हाताने त्यावर आखा. तो उकळरेषा कुठे ओलांडतो ते दिसलं की सिम्युलेटर, म्हणजे ते सॉफ्टवेअर, काय सांगतंय ते कळायला लागतं.

भारतात राहून करायचं असेल तर आयआयटी मुंबईत कार्बन पकडणे आणि वापर यावरचं राष्ट्रीय केंद्र आहे. आणि सरावाला डेटा हवा असेल तर डच सरकारच्या एनएलओजी या तेल-वायूविषयक माहितीच्या पोर्टलवर विहिरींच्या नोंदी फुकट मिळतात. काही डचमध्ये आहेत, तेवढं सांभाळून घ्या.