समुदायात नाट्यकार्यशाळा घ्यायला शिकताना

वस्तीत, शाळेत, कारागृहात किंवा वृद्धाश्रमात घेतल्या जाणाऱ्या नाट्यकार्यशाळेला येणारी माणसे बहुधा नट व्हायला आलेली नसतात. त्यांच्या जगण्यातला एखादा पेच नाटकाच्या साहाय्याने त्यांनाच तपासता यावा, यासाठी ही कार्यशाळा असते. म्हणून ती घेणाऱ्या सुलभकाची कसोटी अभिनयात किंवा दिग्दर्शनात लागत नाही. प्रश्न नेमका मांडून त्याचे उत्तर गटाच्या हाती राहू देणे त्याला कितपत जमते, यावर सारे अवलंबून असते. नाटकात मुरलेल्यांना नेमके हेच जड जाते, कारण समोरचा प्रवेश ढिला पडला की तो सुधारायला त्यांचे हात शिवशिवू लागतात.

या कामाची वैचारिक बैठक समजून घेण्यासाठी ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी आणि नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांच्यापासून सुरुवात करावी. बोआल यांनी 1973 मध्ये पेरू देशातील साक्षरता मोहिमेत काम केले. तेथे शिकणाऱ्यांच्या मातृभाषा वेगवेगळ्या होत्या, आणि त्यामुळे शब्दांऐवजी शरीराने चित्र उभे करण्याच्या पद्धतीला महत्त्व आले. फोरम थिएटर या त्यांच्या पद्धतीत प्रेक्षक स्वतः प्रवेशात उतरतो. याखेरीज, शिक्षकाने भूमिका घेऊन शिकवण्याची ब्रिटिश नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांची रीत आणि प्रेक्षकांनी सांगितलेले अनुभव तिथल्या तिथे सादर करणारे प्लेबॅक थिएटर, यांचीही ओळख असावी. मात्र वाचनाने हात बसत नाही. आधी सहभागी म्हणून कार्यशाळा अनुभवावी, मग अनुभवी सुलभकाचे सहायक व्हावे, त्याच्या सत्रातला एखादाच खेळ घ्यावा आणि त्यानंतर पूर्ण सत्राची जबाबदारी स्वीकारावी.

सत्राआधी आयोजक संस्थेशी सविस्तर बोलणे आवश्यक आहे. लोक स्वेच्छेने येणार आहेत की त्यांना बसवले जाणार आहे, खोलीत एखादा अधिकारी हजर राहणार आहे का, आणि सत्रात बोललेले कोणापर्यंत पोहोचेल, हे आधी ठरलेले बरे. संपूर्ण गुप्ततेचे वचन देऊ नये. एखाद्या मुलाच्या जिवाला धोका असल्याचे कळले तर ते योग्य व्यक्तीला सांगावेच लागते, आणि ही मर्यादा गटाला पहिल्याच दिवशी सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते. ज्यांना उभे राहता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक खेळाचा बसून करता येईल असा प्रकारही हाताशी असावा.

सूचना देणे ही वरवर क्षुल्लक वाटणारी, पण सरावानेच येणारी गोष्ट आहे. पाच नियम एका दमात सांगितले की निम्मा गट गोंधळतो आणि उरलेला शेजाऱ्याकडे पाहू लागतो. त्याऐवजी ‘खोलीत चाला’ एवढेच सांगावे. सगळे चालू लागल्यावर ‘मी टाळी वाजवली की थांबा’ असे सांगावे आणि पुढचा नियम त्यानंतरच आणावा. स्पर्श असलेल्या खेळात आधी विचारावे, आणि कोणी बाजूला बसून पाहू इच्छित असेल तर त्याला कारण विचारू नये.

प्रतिमांचे काम सुरुवातीला सर्वांत भरवशाचे. चार-पाच जणांच्या गटाला ‘माझे म्हणणे कोणी ऐकले नाही’ असा प्रसंग न बोलता, स्थिर चित्र करून दाखवायला सांगावा. उरलेल्यांनी लगेच अर्थ लावू नये. कोण कुठे उभे आहे, कोणाची नजर कोणाकडे आहे, कोणाची मूठ आवळलेली आहे, एवढेच आधी सांगावे. मग त्याच गटाने हवी असलेली परिस्थिती दाखवावी, आणि शेवटी पहिल्या चित्रातून दुसऱ्याकडे एकेक हालचाल करत जावे. ज्या हालचालीपाशी गट अडतो, तिथे पाच मिनिटे जास्त द्यावीत. बहुतेक वेळा सत्राचा खरा विषय तिथेच सापडतो.

फोरमच्या प्रवेशात अन्याय सोसणारे पात्र काय वेगळे करू शकले असते, हे शोधायचे असते. प्रवेश एकदा पूर्ण दाखवून पुन्हा सुरू केला जातो, आणि प्रेक्षकांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून त्या पात्राची जागा घेऊ शकतो. अन्याय करणाऱ्याची भूमिका करणाऱ्याने चटकन नमते घेऊ नये, तसेच समोरच्याला बोलूच न देण्याचा हट्टही धरू नये. प्रत्येक प्रयत्नानंतर ‘हे प्रत्यक्षात घडू शकेल का, आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागेल?’ असे गटाला विचारावे. इथे ‘शाब्बास’ म्हणण्याचा मोह टाळावा, कारण एका उपायाला शाबासकी मिळाली की पुढचे लोक सुलभकाला काय आवडेल याचाच अंदाज बांधू लागतात.

प्रसंग कोणाचाही जसाच्या तसा घेऊ नये. अनेकांच्या अनुभवांतून एक काल्पनिक पात्र घडवले, की बोलणाऱ्याला हवे तेवढे अंतर मिळते. तरीही कोणी हेलावले तर काम थांबवावे, सहकाऱ्याला त्या व्यक्तीसोबत थांबू द्यावे आणि समुपदेशकाचा संपर्क आधीपासून जवळ ठेवावा, कारण उपचार करणे हे सुलभकाचे काम नाही. शेवटी भूमिका उतरवण्यासाठी राखलेली दहा मिनिटे कितीही उशीर झाला तरी कापू नयेत. हातपाय झटकावेत, स्वतःचे नाव मोठ्याने सांगावे आणि पात्रापेक्षा आपण कोणत्या बाबतीत वेगळे आहोत हे एका वाक्यात बोलावे. खलपात्र रंगवणाऱ्याला याची गरज सर्वांत जास्त असते.

सत्र संपल्यावर त्याच दिवशी सहकाऱ्यासोबत बसून टिपण करावे. कोण एकदाही बोलले नाही, कोणती सूचना दोनदा द्यावी लागली, आणि गटाने विचार करायच्या आत सुलभकानेच उत्तर कुठे देऊन टाकले, एवढ्या नोंदींवरून पुढच्या सत्राची आखणी सुरू करता येते.