शिंपी की राखी वटवट्या? आधी कान लावा

पक्षीनिरीक्षण सुरू केलं तेव्हा कित्येक महिने माझ्या वहीत एकच चूक होत होती. झुडपातून ‘टुविट-टुविट-टुविट’ असा खणखणीत आवाज आला, की मी ‘राखी वटवट्या’ लिहून मोकळी व्हायचे. एका पावसाळी सकाळी तो आवाज काढणारा पक्षी उघड्या फांदीवरच येऊन बसला. डोक्यावर तांबूस टोपी, पाठ हिरवट, शेपटी उभी. शिंपी! हाक देताना गळा ताणला, की मानेच्या बाजूला पिसांखालचा काळा डाग दिसायचा आणि हाक थांबली की लपायचा. आवाज कुणाचा, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं, म्हणून ते पक्कं बसलं.

नवीन असाल तर एवढं एकच करा: आवाज ऐकल्यावर पक्षी दिसेपर्यंत जागेवरून हलू नका. मर्लिनसारखं आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप नाव सुचवतं, त्याचा उपयोगही होतो, पण पक्षी पाहिल्याशिवाय ते नाव वहीत उतरवू नका.

आता फरक. शिंपी एकच बोल धरून बसतो. स्वच्छ, ठाशीव, एका लयीत, आणि एवढ्याशा जिवाच्या मानाने फारच मोठ्याने. राखी वटवट्याचं गाणं घाईचं आणि किनरं, ‘झिमी-झिमी-झिमी’ असं. तो बिथरला, की नाकातून बोलल्यासारखं ‘टी-टी-टी’ करतो. त्याची खरी खूण मात्र गाण्यात नाहीच. झुडपातून उडताना ‘चट्-चट्’ असा, ठिणगी उडाल्यासारखा आवाज येतो. तो ऐकला की मी दुर्बीण उचलतही नाही. ‘साधा वटवट्या’ हा याचाच भाऊबंद, त्याचं गाणं कोरडं, किड्याच्या किरकिरीसारखं लांबत जाणारं. गवताळ जागी ते किडा समजून सोडून दिलं जातं.

राखी आणि साधा या दोन्ही वटवट्यांची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकारी-निसर्गअभ्यासकाने १८३२ साली केली, तीही दख्खनमधल्या नमुन्यांवरून. त्याच्या हातात पक्षी होते, रंग शेजारी-शेजारी ठेवून पाहता येत होते. आपल्यासमोर असतं हलणारं झुडूप. त्यातून राखी वटवट्या विणीच्या काळात आणि एरवी थोडा वेगळा दिसतो, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबणाऱ्याची फसगत होतेच.

वहीत आवाज स्वतःच्या अक्षरांत लिहा. मला ‘झिमी’ ऐकू येतं, तुम्हाला दुसरं काही येईल, तेच लिहा. शेजारी लय आणि वेग टिपून ठेवा. अक्षरं विसरतात, लय डोक्यात राहते. आणि विणीच्या दिवसांत मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावू नका. प्रतिस्पर्धी आला असं समजून तो घरटं सोडून धावत येतो.

हिवाळ्यात पाहुणे वटवटे येतात, तेव्हा गोंधळ वाढतो. झुडपात खाली कुठेतरी नुसतं ‘चक्… चक्’ ऐकू आलं, तर तो बहुधा ब्लिथचा बोरू वटवट्या. त्याच्या मागे लागण्याआधी हे तीन स्थानिक आवाज कानात मुरू द्या.