तूप सोडलं, भातही सोडला, तरी रिपोर्ट तसाच? या चुका टाळा

रक्ताचा रिपोर्ट हातात पडतो, कोलेस्टेरॉल किंवा साखर काठावर आलेली असते, आणि त्याच संध्याकाळी घरात फर्मान निघतं: उद्यापासून तूप बंद, भात बंद. तीन महिने ते निष्ठेने पाळलंही जातं. पुढचा रिपोर्ट जवळपास तसाच येतो. मग माणूस वैतागतो, ‘आता खायचं तरी काय?’ म्हणतो आणि पथ्यच सोडून देतो.

यात पथ्य पाळणाऱ्याचा निर्धार कमी पडलेला नसतो. ताटातून काय काढायचं हे त्याला दहा जणांनी सांगितलेलं असतं, काढलेल्या जागी काय वाढायचं हे कुणीच सांगितलेलं नसतं. भूक काही थांबत नाही. तूप गेलं की चहाबरोबर मारी बिस्किटं येतात, भात गेला की दोन पोळ्या जास्त होतात. रक्तात दिसतो तो या अदलाबदलीचा परिणाम. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

तूप गेलं, खारी-टोस्ट आले

तुपातली साठ टक्क्यांहून अधिक चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते आणि संपृक्त चरबी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढवते, हे खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभराच्या एकूण ऊर्जेतला जास्तीत जास्त १० टक्के वाटा संपृक्त चरबीचा असावा. २००० कॅलरींच्या आहारात हे साधारण २२ ग्रॅम होतात. वरणभातावरच्या चहाच्या चमचाभर तुपातून त्यातले तीनेक ग्रॅम जातात. म्हणजे तो चमचा निरोगी माणसाच्या हिशेबात आरामात बसतो. हिशेब बिघडतो तो साईच्या दुधात, पनीरच्या ग्रेव्हीत, नारळाच्या वाटणात आणि बेकरीच्या पिशवीत.

संपृक्त चरबी कमी करून तिच्या जागी शेंगदाणे, तीळ, करडई, जवस, मासे यांतली असंपृक्त (अनसॅच्युरेटेड) चरबी आली, तर हृदयविकाराचा धोका कमी होतो. तिच्या जागी मैदा आणि साखर आली, तर तो फायदा जवळपास हाती लागत नाही. आपल्याकडे नेमकं दुसरंच घडतं. तूप सोडलेला माणूस सकाळी खारी, दुपारी टोस्ट, संध्याकाळी ‘डायजेस्टिव्ह’ बिस्किट खातो आणि आपण तेलकट काही खात नाही असं त्याला मनापासून वाटतं. पाकीट उलटं करून पाहा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. बहुतेक वेळा पहिला मैदा असतो, आणि पुढच्या दोन-तीन नावांत साखर आणि पामतेल.

इथे वनस्पती तुपाबद्दल सांगायला हवं. घट्ट केलेल्या त्या तुपातली ट्रान्स फॅट एलडीएल वाढवते आणि ‘चांगलं’ एचडीएल कमी करते, म्हणून ती सर्वांत घातक. भारतात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने तिच्यावरची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली. जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के. हा मोठा विजय आहे. पण पाकिटावर ‘ट्रान्स फॅट शून्य’ वाचून निर्धास्त होऊ नका. पदार्थ खुसखुशीत व्हायला घट्ट चरबी लागतेच, आणि आता ती बरीचशी पामतेलापासून येते. पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते. त्यामुळे ट्रान्स फॅटच्या शेजारच्या ओळीत संपृक्त चरबी किती लिहिली आहे, तेही बघा.

‘मी तेलकट खात नाही, मग ट्रायग्लिसराइड का वाढलं?’

हा प्रश्न सतत विचारला जातो. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी, म्हणून ती तेलातूनच येणार असा समज असतो. पण जास्तीची साखर आणि पिष्टमय पदार्थ यांपासून यकृतही ती तयार करतं. दारूनेही ती वाढते. तेलाची धास्ती घेऊन तीन वेळा पोहे-उपमा-भात खाणाऱ्या, दिवसभरात चार कप गोड चहा पिणाऱ्या माणसाचं ट्रायग्लिसराइड चढलेलं असणं अगदी स्वाभाविक आहे.

त्या चहाचाच हिशेब करू. कपाला दोन चमचे, चमच्याला चार ग्रॅम, चार कप: ३२ ग्रॅम साखर. वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, शक्यतो ५ टक्क्यांच्या म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. चहातच ती मर्यादा ओलांडली गेली. साखरेऐवजी गूळ घातला तरी हिशेब बदलत नाही. गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो, आणि मधाचंही तसंच.

तेल कोणतं, यावर तासभर चर्चा. तेल किती, यावर एक मिनिटही नाही

‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं तेलाच्या पिशवीवर वाचून जास्त पैसे मोजू नका. वनस्पतीच्या कुठल्याही तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. लाकडी घाण्याचं तेल चवीला सुंदर असतं, त्यातले वासाचे आणि काही उपयुक्त घटक टिकून राहतात. पण चमच्यामागे कॅलरी तेवढ्याच, आणि शेंगदाण्याच्या तेलातली चरबी घाण्यावर काढली म्हणून वेगळी होत नाही. ‘घाण्याचं आहे, बाधत नाही’ म्हणत पळीभर जास्त ओतलं तर उलटंच होईल. शिवाय ते रिफाइंडपेक्षा कमी तापमानाला धुरावतं. ते फोडणीला आणि चटणीवर वापरा, तळणीला नको.

कुठलं तेल चांगलं? महाराष्ट्रात शेंगदाणा, करडई आणि तीळ ही तिन्ही घरची तेलं आहेत आणि तिन्ही चांगली आहेत. शेंगदाणा तेलात एकल असंपृक्त चरबी भरपूर, करडईत लिनोलिक आम्ल (ओमेगा-६ प्रकारची असंपृक्त चरबी) सर्वाधिक. दर महिन्याला पिशवी बदलली किंवा दोन तेलं ठेवली की समतोल साधतो. या तेलांत ओमेगा-३ ही दुसऱ्या प्रकारची असंपृक्त चरबी मात्र नसल्यात जमा असते. त्यासाठी रोज चमचाभर जवसाची चटणी खा, आणि मासे खात असाल तर बांगडा, तारली. खोबरेल तेल सध्या आरोग्याच्या नावाखाली विकलं जातं, पण त्यातली सुमारे ९० टक्के चरबी संपृक्त असते. कोकणात नारळ पिढ्यान्‌पिढ्या आहेच, पण तो मासे, उकडा भात आणि अंगमेहनत यांच्या सोबतीने होता. पुण्या-मुंबईत बसून कॉफीत खोबरेल घालण्याला तो दाखला लागू पडत नाही.

आता प्रमाण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या आदर्श ताटात तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरले आहेत. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला ते सव्वातीन किलोच्या आत होतात, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास, आणि तूपही त्यातच. महिन्याच्या वाणसामानात किती पिशव्या येतात ते मोजा. पाच-सहा लिटर संपत असेल तर कुठलं तेल हा प्रश्न दुय्यम आहे. रोज सकाळी दिवसाचं तेल छोट्या भांड्यात मोजून काढा आणि त्यातच स्वयंपाक करा. इतकं साधं पाऊल दुसरं नाही.

तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. दिवाळीच्या फराळानंतर कढईत उरलेलं काळपट तेल महिनाभर भाजीला वापरणं ही काटकसर महागात पडते. तेल वारंवार तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडल्याने तयार होणारे घटक, साठतात. अन्न व्यवसायासाठी त्यांची मर्यादा २५ टक्के आहे, त्यापुढे तेल टाकून द्यावं लागतं. घरी मोजायचं यंत्र नसतं. तेल काळं झालं, घट्ट झालं, लवकर धूर यायला लागला, फेस बसेना, की ते संपलं असं समजा. मुळात कढईत थोडं तेल घेऊन कमी पदार्थ तळा.

भात सोडला, भाकरी धरली, पण ढीग तेवढाच

ज्वारीची भाकरी चांगलीच. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू (फायबर) असतात, पांढऱ्या तांदळात तीनच्याही आत. नाचणीत कॅल्शियम भरपूर. पण एक गोष्ट फारशी बोलली जात नाही: कोंडा न काढलेल्या गव्हाच्या पिठातही तंतू जवळपास ज्वारीइतकेच असतात. घरच्या गिरणीतून दळून आणलेल्या पिठाच्या पोळीला खलनायक ठरवायचं कारण नाही. पीठ मैद्याच्या चाळणीने चाळून कोंडा टाकून देणं थांबवा.

धान्य बदलणं एवढंच पुरत नाही, याला आता देशभरातली आकडेवारी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ या मधुमेह पाहणीने भारतात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज मांडला. त्याच पाहणीतला आहाराचा भाग २०२५ मध्ये आला. भारतीयांची सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून (पिष्ट आणि साखर) येते, असं त्यात दिसलं. तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ आलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. त्यांचा थोडा वाटा डाळी, दूध-दही, अंडी किंवा मासे यांनी घेतला, तिथे मात्र धोका कमी होता.

म्हणून भात की भाकरी या वादात अडकू नका, ताटात धान्याशेजारी काय आहे ते बघा. पोषण संस्थेच्या त्याच ताटात दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि ४०० ग्रॅम भाज्या आहेत. सहा मध्यम पोळ्या, दोन लहान वाट्या भात आणि सकाळचे पोहे झाले की धान्य संपलं. डाळ मात्र आपल्याकडे चौघांत मूठभर शिजते आणि वरणात पाणीच जास्त. उलट करा: घट्ट वरण, रोज एका जेवणाला मटकी, चवळी, वाल किंवा मसुराची उसळ, भाकरीबरोबर पिठलं. दोन वाट्या भाताऐवजी एक वाटी भात आणि एक वाटी उसळ घ्या, भूकही धरून राहते. पोह्यांत बटाटा घालण्याऐवजी मटार, दाणे आणि मोड आलेली मटकी घाला.

‘मल्टिग्रेन’ आणि ‘ब्राऊन’ ब्रेडसाठी पुन्हा तेच, पाकीट उलटं करा. रंग बरेचदा कॅरॅमलचा असतो.

उपवासाच्या दिवशी सगळ्यात मोठी घसरण

श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र. श्रद्धा आपल्या जागी आहे, तिला धक्का न लावता पानात बदल करता येतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट: १०० ग्रॅममागे सुमारे ३५० कॅलरी आणि प्रथिनं एका ग्रॅमच्याही आत. त्यात बटाटा, तूप आणि दाण्याचं कूट पडलं की मध्यम बशीभर खिचडी पाचशे कॅलरींच्या घरात जाते. साखर झरझर चढते, दुपारी सुस्ती येते आणि चारला पुन्हा खा-खा सुटते. मग वेफर्स, बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचा लाडू.

परंपरेतच याला उत्तर आहे. वरईचा भात आणि दाण्याची आमटी, सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर. राजगिऱ्यात प्रथिनं १३-१४ टक्के असतात, त्याच्या पिठाचं थालीपीठ कमी तेलात होतं. उकडलेलं रताळं, ताक, एखादं फळ. फळाचा रस मात्र नको, गाळला की तंतू गाळणीत राहतात. खिचडी हवीच असेल तर अर्धी वाटी घ्या आणि बरोबर वाटीभर दही.

इथे अडतं, तिथे काय करायचं

*तेल कमी केलं की भाजी लागते किंवा चवच नाही.* जाड बुडाची कढई घ्या, वर ताटली ठेवून तिच्यात पाणी घाला आणि मंद आचेवर वाफवा. लागलंच तर ताटलीतलं तेच गरम पाणी भाजीत घाला. चव तेलापेक्षा फोडणी नीट तडतडण्यात, गोड्या मसाल्यात आणि शेवटी पिळलेल्या लिंबात असते. थोडं कूट किंवा तिळाची पूड घातली तर भाजी मिळूनही येते. पण दाण्यांत निम्मी चरबी असते, तेव्हा कूटही मापातच.

*उसळी आणि भाकरी सुरू केल्यापासून पोट फुगतं.* एकदम वाढवलं म्हणून. आठवड्याला थोडं थोडं वाढवा, कडधान्यं भिजवून ते पाणी टाकून द्या, मोड आणा, हिंग-आलं घाला, पाणी जास्त प्या. मूग आणि मसुरापासून सुरुवात सोपी जाते.

*मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे.* डॉक्टरांना सांगितल्याशिवाय भात-पोळी एकदम कमी करू नका. डोस तोच राहून जेवण घटलं तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी वाढवण्याआधीही विचारा.

*सगळं नीट पाळूनही आकडे हलत नाहीत.* आधी तपासणीची वेळ बघा. एचबीएवनसी ही तपासणी रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवते, तेव्हा ती महिन्यातच पुन्हा करण्यात अर्थ नाही. एलडीएलला दीड ते तीन महिने द्या. आदल्या रात्री लग्नाचं जेवण किंवा दारू झाली असेल तर ट्रायग्लिसराइड फसवं येतं. थायरॉईड मंदावल्यानेही कोलेस्टेरॉल वाढतं, ते तपासून घ्या. आणि एलडीएल १९० (मिग्रॅ/डीएल) किंवा त्याहून वर असेल तर कारण आनुवंशिक असू शकतं. अशा वेळी आहार लागतोच, पण त्याच्या भरवशावर औषध लांबवू नका, आणि भावंडांची, मुलांचीही तपासणी करून घ्या.