टॅब बरोबर, तरी गाणं चुकतंय? बेस गिटार शिकताना या चुका टाळा

भातखंड्यांच्या पद्धतीने गाणं शिकवायला १९१८ साली जिथे माधव संगीत विद्यालय निघालं, त्या ग्वाल्हेरात स्वरलिपी वाचणारी मुलं घरोघरी सापडतात. बेस गिटारच्या टॅबला तीच जास्त फसतात. टॅब म्हणजे रेघांवर आकडे: रेघ तारेची, आकडा फ्रेटचा, म्हणजे दांडीवरच्या पट्टीचा. आपल्याकडे फुली म्हणजे सम आणि शून्य म्हणजे खाली. टॅबमध्ये शून्य म्हणजे मोकळी तार, आणि फुली म्हणजे तारेवर बोट नुसतं टेकवून काढलेला 'टक्' असा बंद आवाज.

त्याहून मोठा घोटाळा लयीचा. स्वरलिपीत मात्रा दिसतात. साध्या टॅबमध्ये फक्त बोट कुठे ठेवायचं ते असतं. ए तारेवर (जाडीत दुसरी) ३-३-५-३ लिहिलंय, म्हणून चारही स्वर सारखे वाजवू नका. पहिला ३ दीड मात्रा, दुसरा अर्धी, मग ५ आणि ३ एकेक मात्रा, असं वाजवून बघा. आकडे तेच, चाल निराळी. म्हणून आधी बेस खाली ठेवून गाणं ऐका, हाताने ठेका धरा आणि आकड्यांखाली पेन्सिलीने मात्रा लिहा. स्वर संपतो कुठे, तेही ऐका. डावं बोट तारेवरून न काढता दाब सैल केला की स्वर थांबतो. बेसची निम्मी मजा त्या थांबण्यात आहे, असं माझं मत.

टॅबची सगळ्यात खालची रेघ म्हणजे सगळ्यात जाड ई तार. वाजवताना तीच वर असते, त्यामुळे सुरुवातीला सगळं उलटं वाटतं. आठवड्याभरात सवय होते.

स्वर जुळत नसतील तर टॅबला लगेच शिव्या घालू नका. सगळेच स्वर अर्ध्या स्वराने चढे लागत असतील, तर मूळ गाण्यात तारा तेवढ्या उतरवलेल्या असणार. फक्त जाड तारेवरचेच बिघडत असतील, तर ती ई ऐवजी डी स्वरापर्यंत उतरवलेली आहे का ते बघा. अधूनमधून एखादाच खटकत असेल, तर मात्र लिहिणाऱ्याचा कान चुकला. तो स्वर खुशाल बदला.

हात पटरीवर उगाच पळत असेल तर जागा बदला: ए तारेचा पाचवा फ्रेट, ई तारेचा दहावा आणि मोकळी डी तार, तिन्हीकडे एकच स्वर आहे.

आणि मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकू नका. मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झची, तो खर्ज तिथून निघतच नाही. हेडफोन लावा.