ऑक्टोबरमध्ये आर्मेनियाला जायचंय? मग प्लॅन असा करा

शरदातले रंग बघायचे म्हटलं की आपल्याकडे काश्मीरचे चिनार नाहीतर जपान, आणि बजेट मोठं असेल तर स्वित्झर्लंड. आर्मेनियाचं नाव फारसं कुणी घेत नाही, आणि जे जातात त्यातले बरेचजण राजधानी येरेवानमध्ये एकच हॉटेल धरून रोज सकाळी बसने कुठेतरी जाऊन रात्री परत येतात. माझं ठाम मत आहे की या देशातला शरद येरेवानच्या बाहेर आहे, गावांमध्ये, डोंगरात, आणि त्यासाठी तिथे रात्री मुक्काम करायला हवा. देश लहान आहे, जेमतेम ३० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक दशांश, त्यामुळे आठ-नऊ दिवसांत नीट गोल फिरता येतो.

पहिली पायरी : तारीख

सगळ्यात जास्त डोकं इथे लावा. आपण सुट्टी बघून तिकीट काढतो आणि सुट्टी म्हणजे दिवाळी, पण दिवाळी नोव्हेंबरात आली तर तिथे झाडं बोडकी होत आलेली असतात, घाटात बर्फ पडायला लागतो आणि दिवस अगदी छोटा होतो. जमलं तर दसऱ्याच्या आसपासची रजा काढा. सप्टेंबरअखेरीस येरेवानला दुपारी चांगलंच ऊन असतं, द्राक्षं भरपूर, पण जंगल अजून हिरवं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आरेनी गावात वाइनचा उत्सव असतो, बहुतेक वर्षी पहिल्या शनिवारी. आणि उत्तरेकडच्या दिलिजानच्या जंगलाला खरा रंग चढतो तो ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे. दोन्ही एकाच ट्रिपमध्ये पूर्णपणे मिळणं अवघड, म्हणून आधी ठरवा की तुम्हाला पानं बघायची आहेत की द्राक्षं. मला विचाराल तर पानं, म्हणजे साधारण १२ ते २५ ऑक्टोबर.

दुसरी पायरी : व्हिसा आणि विमान

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो, २१ दिवसांचा आणि १२० दिवसांचा असे दोन प्रकार आहेत, ट्रिपला २१ वाला पुरतो. अर्ज आर्मेनियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवरच करा, कारण गूगलवर तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट्स वर येतात आणि कितीतरी जास्त पैसे घेतात. नियम बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी तिथेच एकदा वाचून घ्या, आणि निदान तीन आठवडे हातात ठेवून अर्ज टाका.

मुंबईहून जायला शारजा किंवा दुबईमार्गे जाणं सोयीचं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू द्या. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली आणि मध्ये बॅग घेऊन परत चेक-इन करायची वेळ आली तर तिथे बाहेर पडायला यूएईचा व्हिसा लागतो, मग स्वस्त कसलं. येरेवान आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे.

तिसरी पायरी : रूट गोल ठेवा

हे मुख्य. रोज येरेवानला परत यायचं नाही, दक्षिणेकडून सुरू करून उत्तरेकडून परत यायचं.

पहिले दोन दिवस येरेवान. सकाळी लवकर उठून कॅस्केडच्या, म्हणजे शहरातल्या टेकडीवर चढणाऱ्या भव्य जिन्याच्या पायऱ्या चढा, हवा स्वच्छ असेल तर समोर अरारात दिसतो, ५,१३७ मीटर उंच, आर्मेनियन लोकांचा सगळ्यात लाडका डोंगर आणि तो आज तुर्कस्तानात आहे, सरहद्द बंद, त्यामुळे इथून नुसतं बघायचं. आर्मेनियन लोकांच्या १९१५ च्या नरसंहाराचं स्मारक त्सित्सेर्नाकाबेर्द टेकडीवर आहे, तिथे घाईत जाऊ नका, अर्धा दिवस द्या. जुन्या हस्तलिखितांचं संग्रहालय मातेनादारान रविवार-सोमवार बंद असतं, त्याप्रमाणे दिवस लावा. आणि एक गोष्ट आपल्या जवळची, आर्मेनियन भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक ‘अझदारार’ १७९४ मध्ये आपल्या मद्रासमध्ये छापलं गेलं, तिथल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या वस्तीत. हे माहीत असलं की हस्तलिखितं बघताना वेगळंच वाटतं. गार्नीचं देऊळ आणि डोंगर कोरून केलेला गेगार्द मठ हे एका दिवसात होतात, येरेवानपासून जवळच आहेत.

मग दक्षिणेला. वाटेत खोर विराप मठ, तिथे संत ग्रेगरीला ज्या खड्ड्यात कैद केलं होतं असं मानतात त्यात लोखंडी शिडीने उतरता येतं, गुडघे दुखत असतील तर उतरू नका. पुढे आरेनी. इथल्या गुहेत सुमारे ६,१०० वर्षांपूर्वीची वाइन बनवायची जागा सापडली आणि त्याच गुहेत साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामड्याचा बूटही. हायवेला लोक घरची वाइन कोलाच्या प्लास्टिक बाटल्यांत भरून विकतात, आधी चव घ्या, विचारलं की देतात. जवळच नोरावान्क मठ, लाल कड्यांच्या घळीत. तिथे दुपारी उशिरा पोचा, सूर्य कलला की कडा आणि मठाचा दगड दोन्ही पेटल्यासारखे होतात. बस टूरवाले बऱ्याचदा भर दुपारी आणून सोडतात, म्हणूनच म्हणतोय की जवळच्या येघेग्नाद्झोरला मुक्काम करा.

तिथून गोरिस, दोन रात्री. तातेव मठाला जाणारा रोपवे ५.७ किलोमीटरचा, वोरोतान नदीच्या दरीवरून, २०१० मध्ये सुरू झाला तेव्हा गिनीजमध्ये नोंद झाली. वारा फार असला की बंद ठेवतात, म्हणून गोरिसला एक दिवस जादा धरा. तिकीट वेळेप्रमाणे असतं, आधी ऑनलाइन काढा.

आता परतताना बहुतेक सगळे आल्या रस्त्याने येरेवानला जातात. तसं करू नका. येघेग्नाद्झोरकडून सेलिमचा घाट चढा, २,४१० मीटरवर १३३२ सालची दगडी सराय आहे, रेशीम मार्गावरच्या व्यापाऱ्यांची, आत काळोख आणि दोन्ही बाजूंना जनावरांसाठी दगडी गव्हाणी. घाट उतरला की सेवान तलाव. रस्ता हिवाळ्यात बंद होतो, ऑक्टोबरच्या शेवटी जात असाल तर आदल्या रात्री हॉटेलवाल्याला विचारूनच निघा. तलावाकाठी नोरातुसच्या कब्रस्तानात शेकडो खाचकार उभे आहेत, म्हणजे क्रूस कोरलेल्या शिळा, एकासारखी दुसरी नाही.

सेवानहून दिलिजानकडे जाताना बोगदा लागतो. अलीकडे पिवळं वाळलेलं गवत आणि उघडे डोंगर, दोनेक किलोमीटर अंधार, आणि पलीकडे एकदम जंगल, ओक, बीच, हॉर्नबीम, तांबूस-सोनेरी, सगळे उतार भरलेले. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की बोगद्यानंतर थांबायचंय. दिलिजानला किमान दोन रात्री राहा, हागार्त्सिन आणि गोशावान्क मठ बघा, पार्झ तलावाभोवती चाला. दिवस उरले तर उत्तरेला लोरी प्रांत, तिथे हाघपात आणि सानाहिन मठ, दोन्ही जागतिक वारसा यादीत. नाही जमलं तर सोडा, दिलिजानमधली रात्र कापून लोरी गाठण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी : गाडी

येरेवानमध्ये यांडेक्स किंवा जीजी अॅपने टॅक्सी मिळते. बाहेरच्या गोल रूटला ड्रायव्हरसकट गाडी घेतलेली उत्तम, चौघे असाल तर फारच परवडते. ठरवताना पेट्रोल आणि ड्रायव्हरचा मुक्काम-जेवण धरून किती ते मेसेजवर लिहून घ्या. स्वतः चालवायची तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, तिथे गाडी उजव्या बाजूने चालते आणि घाटात सकाळी धुकं असतं. मार्श्रुतका म्हणजे शेअर व्हॅन स्वस्त आहेत पण मठ गावाबाहेर असल्याने त्यांच्या भरवशावर हा रूट होणार नाही. अझरबैजानच्या सरहद्दीजवळच्या आडरस्त्यांना जाऊ नका, निघण्यापूर्वी सरकारी सूचना बघून घ्या.

पाचवी पायरी : पैसे आणि खाणं

चलन द्राम. रुपये बदलून मिळतील अशी आशा धरू नका, डॉलर न्या आणि शहरात बदला, बरोबर एक कार्ड असू द्या. गावात रोखच चालते.

शाकाहारी लोक इथे उगाच घाबरतात. ‘अरांत्स म्सी’ म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ करा. झेंग्यालोव हात्स मागा, डझनभर पालेभाज्या भरलेला पराठाच तो. वांग्यात अक्रोड भरलेले रोल, दही-गव्हाचं गरम सूप स्पास, तिथल्या ख्रिस्ती उपवासाच्या पद्धतीचा, पानांत डाळी भरून गुंडाळलेला तोल्मा, आणि शरदात भोपळ्यात भात, सुका मेवा, मध घालून भाजलेला घापामा. हरिसा ही लापशी मात्र गव्हाची असली तरी त्यात मांस असतं. येरेवानला मेडिकलला शिकणारी आपली मुलं बरीच आहेत त्यामुळे भारतीय हॉटेलंही आहेत, पण ती शेवटच्या दिवसासाठी ठेवा.

लावाश, म्हणजे तिथली पातळ रोटी, भाजताना मात्र बघाच. एक बाई पीठ लाटते, दुसरी ते हातावर फिरवून पातळ करते, उशीवर ताणते आणि जमिनीतल्या तोनीर भट्टीच्या भिंतीला थापते, मिनिटभरात आकड्याने बाहेर. पूर्वी शरदातच हिवाळ्याचा साठा भाजून ठेवायचे, वाळलेल्या लावाशवर पाणी शिंपडलं की परत मऊ होतो. गेस्टहाउस घेताना विचारा की घरी तोनीर आहे का, असेल तर तेच घ्या.

सहावी पायरी : बॅग

येरेवानला दुपारी टी-शर्ट पुरतो, दिलिजान आणि गोरिसला रात्री जाड जॅकेट लागतं, म्हणून एकावर एक घालता येतील असे कपडे. पावसाचं जॅकेट, पकड असलेले बूट, चर्चमध्ये डोकं झाकायला बायकांनी एक ओढणी. रिकामी पाण्याची बाटली न्या, येरेवानभर पिण्याच्या पाण्याचे नळ वाहत असतात आणि पाणी चांगलं असतं. फोनमध्ये रशियन भाषा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, गावातल्या वयस्कर माणसांशी इंग्रजीपेक्षा तिचा उपयोग होतो.

शेजारचं जॉर्जिया जोडायचा मोह होतो, तिबिलिसी रस्त्याने पाच-सहा तासांवर आहे. पण त्याचा व्हिसा वेगळा, आणि परत आर्मेनियात येऊन विमान पकडायचं असेल तर तुमच्या व्हिसावर एकच एंट्री आहे का ते आधी बघा. बारा दिवसांपेक्षा कमी रजा असेल तर या वेळी आर्मेनियाच करा.