जुन्या सर्कशीतले कलावंत : आठवणी आणि वस्तू कशा जमवाव्यात

२० मार्च १८८० रोजी मुंबईत विष्णुपंत छत्रे यांच्या ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला खेळ झाला. पुढे म्हैसाळच्या देवलांची, कार्लेकरांची अशा कितीतरी सर्कशी मराठी मुलखातून निघाल्या आणि केरळातल्या तलश्शेरीला कीलेरी कुंञिकण्णन यांनी तयार केलेले कसरतपटू देशभरच्या तंबूंत गेले. या इतिहासात मालकांची नावे टिकली, झुल्यावरच्या आणि तारेवरच्या माणसांची मात्र पुसली गेली. म्हणून संग्रह कलावंताच्या नावापासून सुरू करावा. नाव, गाव आणि काम ठाऊक नसेल तर हाती आलेला फोटो म्हणजे नुसता जुना कागद.

आधी माणसे गाठा

एकच सर्कस किंवा एकच घराणे निवडा. सगळेच गोळा करू गेल्यास काहीच धड ओळखता येत नाही. त्या सर्कशीतले हयात कलावंत, त्यांची मुले, तंबू ठोकणारे, बँडवाले यांची यादी करा. प्रत्येक नावापुढे तीन रकाने ठेवा: खरे नाव, रिंगणातले नाव, कोणकोणत्या सर्कशीत काम केले. हे न केल्यास एकच बाई तीन नावांनी तीन वेळा नोंदली जाते. 'ग्रेट', 'ग्रँड', 'रॉयल' ही बिरुदेही अनेक सर्कशींनी लावली, त्यामुळे मालकाचे नाव सोबत लिहाच.

मुलाखतीला जाताना जुने फोटो न्या. 'तुमच्या आठवणी सांगा' म्हटले की ठरावीक उत्तरे येतात. फोटो पुढे ठेवून 'डावीकडून दुसरे कोण? झुला कोणी धरायचे? जाळे कशाचे होते? पगार कोणाच्या हाती पडायचा?' असे विचारले की माणूस कामाच्या तपशिलात शिरतो. पंखा बंद करा आणि फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. एका बैठकीला तासभर पुरे. ध्वनिमुद्रण जपण्याची आणि वापरण्याची लेखी परवानगी त्याच दिवशी घ्या.

कुठे शोधावे

रद्दीवाल्यांकडे हँडबिले आणि तिकिटे मिळतात, पण खरा ठेवा घरांतच असतो: संस्थानिकांनी दिलेली पदके, करारपत्रे, घरी धाडलेली पत्रे. गायकांच्या घरची कागदपत्रेही वगळू नका. उस्ताद रहिमत खाँ छत्र्यांच्या आश्रयाला होते, त्यामुळे सर्कशीचा माग संगीताच्या दप्तरातही लागतो. पुण्याचे दामू धोत्रे १९४० च्या दशकात अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत हिंस्र प्राण्यांचे खेळ करत. त्यांच्याबद्दलचे छापील साहित्य तिकडच्या संग्रहांत शोधावे. त्यासाठी विस्कॉन्सिन राज्यातल्या बराबू गावचे सर्कस वर्ल्ड हे संग्रहालय आणि इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीचे मिल्नर ग्रंथालय ही चांगली ठिकाणे आहेत. शोधताना 'दामू'च्या शेवटी दोन 'ओ' असलेले स्पेलिंग वापरा.

वाघनखे, कातडी, हस्तिदंत कोणी देऊ केले तर हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्यांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. 'आजोबांच्या सर्कशीतले' म्हटल्याने तो टळत नाही.

साल कसे ठरवावे

हँडबिलावर वार आणि तारीख असते, साल बहुधा नसते. तीच तारीख त्याच वारी साधारण ५, ६ किंवा ११ वर्षांनी येते, म्हणून शक्य सालांची छोटी यादी निघते. सोबत तिथी छापली असेल तर पंचांगाशी ताडून बहुतेक वेळा एकच साल उरते. मग त्या सालचे 'केसरी' किंवा 'ज्ञानप्रकाश'चे अंक काढून जाहिरात शोधा.

दरही बोलतात. 'आणे' असतील तर हँडबिल बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचे. 'नये पैसे' असतील तर ते १९५७ ते १९६४ मधले. पत्त्यात पिनकोड असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच.

महागडे पोस्टर घेण्याआधी दहापट भिंगाखाली पाहा. जुन्या शिळाछापात ठिपके वेडेवाकडे पडतात. एकसारख्या रांगेतले रंगीत ठिपके म्हणजे पुढच्या काळातली ऑफसेट छपाई, आणि 'जुने' म्हणून विकली जाणारी बरीच पोस्टरे अशीच असतात.

जपणूक

सर्वाधिक नुकसान प्रेमाने होते. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. सेलोटेपचा चिकटा कागदात मुरून पिवळा डाग पडतो. रबरबँडमधल्या गंधकाने चांदी काळी पडते, आणि घड्या उलगडताना कोरडा कागद तुटतो. कागद आम्लविरहित पाकिटात, फोटो पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. पीव्हीसीची पाकिटे कालांतराने फोटोला चिकटतात. कडुलिंबाचा पाला कागदांत घालू नका, त्याचे डाग पडतात. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की बदला. कसर लागली आहे का ते दर महिन्याला उघडून पाहा.

पदके घासून चकचकीत करू नका, कोरलेले नाव झिजते. टिकल्यांचे पोशाख धुऊ नका. १९३०च्या सुमारास जिलेटिनच्या टिकल्या वापरात होत्या, त्या पाण्यात विरघळतात. असे पोशाख टांगले तर टिकल्यांच्या वजनाने शिवणी फाटतात. खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळून ते आडवे ठेवा.

फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. मागचा स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेली नावे समोरच्या चित्राइतकीच मोलाची. पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), पासपोर्टाएवढा १२०० डीपीआय, टिफ फाइलमध्ये. क्रमांक वस्तूवर शाईने घालू नका, पाकिटावर घाला. वहीत त्याच क्रमांकापुढे कलावंताचे नाव, वस्तू कोणाकडून आली, तारीख, आणि माहिती सांगितली कोणी हे लिहा. स्कॅनची एक प्रत वस्तू देणाऱ्या घरी द्या, दुसरी वेगळ्या गावी ठेवा.